मपला सा

वसमतला मार्च म्हणजे हळदीचा उकड वास,
खिडकी लावली तरी पेटीच्या भात्यात शिरतो.
सव्वासहाला मी स्टूल पुढे ओढते,
स्टुलावर पोह्यांचा डबा, डब्याला टेकवून मोबाईल,
आणि एकेक चौकोन उघडत जातो:
नौशीनचं कपाळ,
बसवेशच्या घरातला छताचा पंखा
(दोन महिने झाले, बसवेश म्हणजे माझ्यासाठी पंखाच),
कुरुंद्याहून रुद्राणी, अंगणातल्या बाजेवरून,
चाकणच्या एका खोलीतून ओमराज
आणि त्याच्या मांडीवर बसलेला धाकटा,
ज्याचं नाव मला अजून नीट कळलेलं नाही,
रेंज नेमकी त्याच्या नावापाशी तुटते.

"म्हणा, सा."

पुढे जे होतं त्याला गाणं म्हणत नाहीत.
माझा सा निघतो, टॉवरवर चढतो,
कुठं कुठं हिंडून कुरुंद्याला उतरतो,
तिथला परत येईस्तोवर मी ग वर.
नौशीन सा वर,
चाकण अजून "बाई, आवाज येतोय का" वर,
पंखा गप्प.

परभणीला मी शिकले तेव्हा वीस जणींचा एक सा व्हायचा,
बाकावरची फूटपट्टी थरथरायची.

रुद्राणी सहा वर्षांची. तिनंच पहिल्यांदा सांगितलं,
"बाई, मपला सा तुपल्याच्या मागं ऱ्हायला.
थांब की जरा."

थांबले. पण कुणासाठी किती थांबायचं?
शेवटी सगळ्यांचे आवाज बंद केले.
आता मी एकटी गाते, ते तोंडं हलवतात.
खारीचं गाणं आहे, मीच जुळवलेलं, फार काही नाही:
खार गेली बोरीवर,
शेपूट राहिलं दोरीवर.
चार तोंडं उघडतात, मिटतात,
काचेपलीकडे भांडणाऱ्या शेजारणींसारखी.
कोण बेसूर आहे ते मी दातांवरून ओळखते.
(रुद्राणीचे पुढचे दोन पडलेत.
सुराची गळती तिथूनच असणार.)

फी महिन्याला दीडशे.
कुरुंद्याहून फीऐवजी हळकुंडं येतात,
एसटीच्या ड्रायव्हरपाशी, औषधाच्या पिशवीत.

मंगळवारी लाईट गेली, राउटरही गेला.
मोबाईलचं नेट चालू करून परत आत शिरेस्तोवर
आठ मिनिटं झाली होती
आणि वर्गाची किल्ली दुसऱ्याच कुणाच्या हाती होती
(धाकट्याच्या, असा माझा संशय).
सगळे आवाज उघडे.

कुणाची खार बोरीवर, कुणाची दोरीवर,
एक खार तर अजून घरातून निघाली नव्हती.
नौशीन ताटावर चमचा वाजवत होती,
कशाचा कशाला मेळ नाही,
आणि पंख्याखालून, अगं बाई,
एक घोगरा, भला मोठा, बैल हाकल्यासारखा आवाज.
बसवेश!
पाच खारी, पाच झाडं,
कुणी कुणाची वाट बघत नव्हतं.
चाकणच्या भिंतीपलीकडून कुणीतरी ओरडलं, "ए, हळू!"
त्यावर धाकट्यानं शेपूट आणखी वर टाकलं.

"अरे, एका सुरात," म्हणायला मी तोंड उघडलं.
माझाच माईक बंद होता.
माझ्या चौकोनात, मोबाईलच्या उजेडात
एक तोंड उघडत होतं, मिटत होतं.
दातांवरून काही कळेना.

मग फुकटातली चाळीस मिनिटं संपली
आणि सगळं शेपटावरच तुटलं.

साडेसातला रुद्राणीच्या आईचा निरोप, अकरा सेकंदांचा:
"बाई, तुमचं बंद झालं, पण ही पोरगी थांबंना बगा."
मागे हळदीच्या कढईखालचा जाळ कडकडत होता,
आणि त्याच्याही मागे, बाजेवरून,
काळी चारच्या जरासा खाली,
दोन दातांतून वारा गेलेला सा.

लाईट अजून यायची होती.
अंधारात चाचपून मी काळी चार शोधली,
आणि बोट काढून घेतलं.
निरोप पुन्हा लावला, तिच्या सा ला सा मिळवायला गेले.
दोनदा लावला.
दोन्ही वेळा मपलाच मागं ऱ्हायला.